‘भीमसेन होणार आहेस का?’

विशारद झालेली मुलगी किंवा तबल्यावर हात बसलेला मुलगा ‘मला यातच राहायचंय’ म्हणाला, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘भीमसेन होणार आहेस का?’ प्रश्न काळजीपोटी येतो, हे मान्य. तरीही तो चुकीचा आहे. बँकेत लागणाऱ्या मुलाला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर होशील का, असं कुणी विचारत नाही. गाण्यात मात्र एक तर शिखर, नाहीतर उपासमार, असं सगळे धरून चालतात.

जरा समजूतदार घरांत दुसरा सल्ला मिळतो: नोकरी सांभाळून गा, वसंतराव देशपांडे नाही का गायले? गायले. मिलिटरी अकाउंट्समध्ये त्यांनी वर्षानुवर्षं खर्डेघाशी केली. पण चाळिशी उलटल्यावर ती सोडून ते पूर्णवेळ गाण्याकडे वळले, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मधला त्यांचा खाँसाहेब रंगभूमीवर आला तो त्यानंतर. म्हणजे नोकरीच्या बाजूने उभा केलेला साक्षीदार उलट बाजूनेच बोलतो. डोंबिवलीहून फोर्टला जाऊन-येऊन उरलेल्या तासाभरात गळा फार तर टिकतो, वाढत नाही.

पैशासाठी गायलं की कला बाटते, या तिसऱ्या आक्षेपाचा मला मनापासून राग येतो. अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारचे गवई होते. मोगूबाई कुर्डीकरांनी वैधव्यात गाण्याच्याच बळावर मुलं वाढवली. कुठे डाग लागला त्यांच्या गाण्याला?

आक्षेपांतलं एक मात्र खरं आहे. मिळकतीचा भरवसा नाही, पेन्शन नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते मुंबईत आणलं, आणि मुंबईची इमारत कर्जापायी गेली. पण त्यांच्या शिष्यांकडे पाहा. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय चालवलं, ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकवू लागले, बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली आणि तिथे कुमार गंधर्व घडले. गायनाचा पेशा महाराष्ट्रात उभा राहिला तो असा, वर्गात.

म्हणून माझं म्हणणं असं, की मैफल हा या पेशाचा एक तुकडा आहे, अख्खा पेशा नव्हे. शिकवण्या, पेटी-तबल्याची साथ, कथकच्या वर्गाला लेहरा, नाटकाचं संगीत, रेकॉर्डिंगमधला कोरस, हे सगळं मिळून घर चालतं. ‘मैफली मिळत नाहीत म्हणून शिकवतो’ असं मान खाली घालून सांगणारे तरुण भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. मान खाली घालण्यासारखं त्यात काय आहे?

तेव्हा निर्णय घेणाऱ्याने आधी वर्षभर शिकवून पाहावं. सात वर्षांच्या पोराला पुन्हा पुन्हा शुद्ध रिषभ दाखवताना जीव विटतो, की तो कुठे चुकतोय याचा शोध घ्यावासा वाटतो? साथीला बसल्यावर दुसऱ्याच्या गाण्यात रमता येतं का? फक्त मंचच हवा असेल, तर खुशाल नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही. पण हे सगळं आवडीने होत असेल, तर आईवडिलांनी इंजिनिअरिंगला जेवढी वर्षं आणि जेवढा पैसा दिला असता, तेवढा गुरूकडे शिकण्यासाठी द्यावा.