जाहिरातीतील देह आणि रंगभूमीचे दार

बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेले असोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील एखाद्या मुलीला महाविद्यालयाच्या एकांकिकेत भूमिका मिळाली, तर घरी परवानगी मागताना तिची गाठ पडते ती नाटकाशी नव्हे, नाटकाच्या जाहिरातीशी. वडिलांनी राज्य नाट्यस्पर्धेच्या जळगाव केंद्रावरचा प्रयोग बहुधा पाहिलेला नसतो. यात्रेच्या दिवसांत भिंतीवर चिकटवलेला रंगीत कागद मात्र अनेकदा पाहिलेला असतो. त्या कागदावर जे दाखविले आहे तेच रंगमंचावर चालत असणार, असा निष्कर्ष ते काढतात. त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हाच निष्कर्ष पाहणाऱ्याच्या मनात उतरावा म्हणून तर कागद छापणाऱ्याने पैसे खर्च केलेले असतात!

रंगभूमीने सौंदर्याचे आकर्षण कधीच वर्ज्य मानले नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. ज्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावात आहे, त्या बालगंधर्वांच्या शालू-दागिन्यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत. पुरुषाने नटविलेले ते स्त्रीरूप पाहण्यासाठी लोक गर्दी करीत, पण आत गेल्यावर त्यांना ‘स्वयंवर’ची रुक्मिणी भेटे, तिचे गाणे ऐकायला मिळे. बाहेर दिलेले वचन आत पाळले जात होते. पुढे 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील मुलींना रंगमंचाची वाट मोकळी होण्यास असा दीर्घ काळ लागला. ती वाट पुन्हा अरुंद करण्याचे काम आज एक भित्तिपत्रक करू शकते.

खानदेशात या प्रश्नाचा सर्वांत मोठा बळी तमाशा आहे. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग, अशी तमाशाची बांधणी. वगात कधी इतिहास येतो, कधी सावकार, कधी हुंडा. सोंगाड्याच्या तोंडून सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडते. जाहिरातीत मात्र यांतले काहीच नसते. तेथे असतात तोकड्या वस्त्रांतल्या मुलींच्या तसबिरी. त्या पाहून आलेला प्रेक्षक रंगबाजीच्या गाण्यांवर शिट्ट्या वाजवितो आणि मध्यरात्री वग सुरू झाला की एक तर उठून जातो किंवा पुन्हा गाण्याची फर्माईश करतो. मग वग आखडतो, गाणी वाढतात आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर तसबिरी आणखी मोठ्या होतात. ज्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते, त्यांच्या कलेची ही अवस्था ‘लोकांना तेच हवे असते’ या एका वाक्याने समर्थनीय ठरविली जाते. वस्तुतः लोकांना दुसरे काही आहे, हे सांगितलेच कोणी?

याची दुसरी बाजू 1972 सालच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये दिसते. विजय तेंडुलकरांचे ते नाटक कमलाकर सारंगांनी बसविले. निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा. परिनिरीक्षण मंडळाने अनेक कापण्या सुचविल्या, बंदी आली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन नाटक सुटले. त्यातील देहाची भाषा उघडीवाघडी होती खरी. पण बाईच्या देहावर हक्क सांगणाऱ्या पुरुषाचे काय होते, हे सांगण्यासाठी ती आली होती. नाटक पाहून कोणाला गुदगुल्या होण्याचे कारण नव्हते. न्यायालयात मिळालेल्या त्या मोकळिकीचा आधार लेखकाला व्हायला हवा होता. त्याऐवजी ‘फक्त प्रौढांसाठी’ ही सावधगिरीची सूचना कित्येकांनी नाट्यगृहाच्या दारावरचे तोरण करून टाकली.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. 1969 मध्ये न्यूयॉर्कला ‘ओह! कलकत्ता!’ हा विवस्त्र नटनट्यांचा कार्यक्रम सुरू झाला. 1976 पासूनचे त्याचे पुनरुज्जीवन 1989 पर्यंत चालले. (कलकत्ता शहराशी त्याचा संबंध नावापुरताही नव्हता, ते नाव म्हणजे एक फ्रेंच शब्दखेळ!) नग्नता खपते, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. मात्र त्याच सुमाराच्या ‘हेअर’ या संगीतिकेत नग्नतेचा क्षण अगदी थोडा होता, आणि ती स्मरणात राहिली ती व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांची कहाणी म्हणून.

खप वाढला तर त्याची किंमत कोण मोजते, हा खरा प्रश्न आहे. निर्मात्याला गल्ला मिळतो, ठेकेदाराला दलाली. ज्या नटीची तसबीर छापली, तिला गर्दी आपण विकत घेतलेली वस्तू समजते. धुळे जिल्ह्यातून पुढे आलेल्या एका लोकप्रिय नृत्यांगनेचे कपडे बदलतानाचे चित्रण चोरून काढून 2023 साली ते हजारो मोबाइलवर फिरविण्यात आले. तिने पोलिसांत तक्रार केली, तरी दोष तिच्याच नृत्याला देणारे सुशिक्षित कमी नव्हते. तंबूच्या आतला पडदाही आपल्यासाठीच आहे, ही समजूत त्या चोरट्याच्या डोक्यात एका रात्रीत आलेली नसणार.

स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला जाहिरातींत मनाई करणारा कायदा 1986 पासून आहे. पण चित्र असभ्य आहे की नाही, एवढेच तो पाहतो. चित्रातल्या बाईला विचारले होते का, हे नाही. परिनिरीक्षण मंडळाकडे आणखी एक कात्री देण्यानेही काही साधणार नाही. कात्री कोणावर चालते, हे ‘बाइंडर’ने दाखविले आहे. त्यापेक्षा नाट्यसंस्थांनी आणि तमाशाच्या फडमालकांनी कलावतीशी होणाऱ्या करारातच एक कलम घालावे : तिचे कोणते छायाचित्र भिंतीवर जाईल, हे तिला आधी दाखविले जाईल आणि तिची सही झाल्याशिवाय ते छापले जाणार नाही. यात्रा समित्यांनीही सुपारी देताना वगाचे नाव विचारावे आणि ते सोंगाड्याच्या नावासह कागदावर ठळक अक्षरांत छापून घ्यावे. एवढ्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना छपाईचा खर्च वाढतो.