विश्लेषण : लकव्यानंतर गेलेला तोल व्हायब्रेशन मशीनमुळे परत येतो का?

रीलमध्ये एक काका थरथरणाऱ्या प्लेटवर उभे दिसतात. पहिल्या दिवशी त्यांना दोघांनी धरलेलं असतं. दीड महिन्यानंतरच्या व्हिडीओत ते कुणाच्याही आधाराशिवाय उभे असतात. खाली ओळ असते, 'लकव्याच्या पेशंटसाठी वरदान'. दुसऱ्या एखाद्या रीलमध्ये अधू झालेल्या पायाच्या पोटरीवर मसाज गन फिरत असते. दोन्ही वस्तू ऑनलाइन मिळतात आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

ज्यांच्या घरात लकव्याचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी हा पैशांचा आणि जोखमीचा प्रश्न असतो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी दर वेळी द्यावी लागते, मशीन मात्र एकदाच घ्यायचं. मग मशीनच घेतलं तर?

थोडक्यात उत्तर असं, की स्नायूला कंपन दिलं की तोलावर परिणाम होतो, हे खरं आहे. विज्ञानाला ते साठ वर्षांपासून माहीत आहे. पण मशीन चालू असताना परिणाम दिसणं वेगळं आणि मशीन बंद केल्यावर सुधारणा टिकणं वेगळं.

लकव्यानंतर तोल का जातो?

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू किंवा स्ट्रोक, नाव कोणतंही घ्या. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते आणि त्या भागातल्या पेशी मरतात. अनेकदा शरीराची एक बाजू अधू होते.

पण तोल फक्त पायातल्या ताकदीवर अवलंबून नसतो. आपण सरळ उभे आहोत की कललोय, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि स्नायू, सांधे व तळव्यांकडून येणारे संदेश. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे हे आपल्याला समजतं, ते या तिसऱ्या वाटेमुळे.

लकव्यानंतर अनेकांची ही तिसरी वाटच बिघडते. पाय जागेवर असतो, पण तो नेमका कसा ठेवला आहे याची खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. मग रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर टाकतो आणि तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतो. दिवसा हॉलमध्ये ठीक चालणारी व्यक्ती रात्री अंधारात बाथरूमला जाताना पडू शकते, याचं हे एक कारण आहे.

कंपनामुळे नेमकं काय होतं?

प्रत्येक स्नायूत 'मसल स्पिंडल' नावाचे बारीक सेन्सर असतात. स्नायू किती आणि किती वेगानं ताणला जातोय, हे ते कळवतात. स्नायूवर किंवा त्याच्या शिरेसारख्या टणक टोकावर वेगानं कंपन दिलं की हे सेन्सर फसतात. स्नायू जागचा हललेला नसतो, पण 'मी ताणला जातोय' असा निरोप मेंदूकडे जात राहतो.

स्वीडनमधले संशोधक हॅगबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की कंपन दिलेला स्नायू आपोआप आकुंचन पावू लागतो. पुढे १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. स्थिर हाताच्या स्नायूला कंपन दिलं, तर डोळे मिटलेल्या माणसाला आपला हात हलतोय असा भास होतो.

याचं सगळ्यात गमतीशीर रूप म्हणजे 'पिनोकिओ भास'. अमेरिकी संशोधक जेम्स लॅकनर यांनी १९८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. डोळे मिटून बोटांनी नाकाचं टोक धरायचं आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला कंपन द्यायचं. कोपर उघडतोय आणि हात लांब जातोय, असं मेंदूला वाटतं. पण बोटांनी तर नाक धरलेलं असतं. मग मेंदू आपल्या परीनं हिशेब जुळवतो आणि काही लोकांना चक्क नाक लांब होत असल्याचं जाणवतं.

आता हेच उभ्या माणसावर करून पाहा. डोळे मिटलेले, टाचेच्या मागच्या जाड शिरेवर कंपन. पोटरी ताणली जातेय, म्हणजे शरीर पुढे झुकतंय, असा मेंदूचा समज होतो. तो सावरायला जातो आणि माणूस प्रत्यक्षात मागे कलतो. संशोधनात या परिणामाला 'कंपनानं पडणं' अशा अर्थाचंच नाव आहे. निरोगी माणसाचा तोल मुद्दाम बिघडवून तो कसा सावरला जातो, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये ही युक्ती वापरतात.

म्हणजे ज्या कंपनानं तोल सुधारतो असं सांगितलं जातं, त्याच कंपनानं तो बिघडतोही. कोणत्या स्नायूवर, किती वेगानं आणि कुणाला ते दिलं, यावर सगळं अवलंबून आहे.

मग डॉक्टरांना यात आशा का वाटली?

तर्क सरळ आहे. अधू बाजूकडून मेंदूला पुरेसे संदेश मिळत नसतील, तर कंपनानं ते वाढवता येतील का? यासाठी दोन पद्धती वापरल्या जातात. एकीत ठरावीक स्नायूवर छोटं यंत्र ठेवतात. दुसरीत रुग्ण थरथरणाऱ्या प्लेटवर उभा राहतो आणि कंपन पायांतून वर जातं.

नेदरलँड्समधल्या व्हान नेस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लकवा होऊन बराच काळ गेलेल्या २३ रुग्णांवर प्लेटचा प्रयोग केला. ४५ सेकंदांच्या चार फेऱ्या, बस्स. त्यानंतर रुग्णांना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार अधिक वेगानं नेता येऊ लागला. निष्कर्ष उत्साह वाढवणारा होता. पण हा परिणाम तात्पुरता होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

दोन वर्षांनी काय समजलं?

याच टीमनं २००६ मध्ये पुढची पायरी गाठली. या वेळी लकवा होऊन फार दिवस न झालेले ५३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस प्लेटवरचं कंपन मिळालं. दुसऱ्या गटानं तेवढाच वेळ संगीताच्या तालावर व्यायाम केला. नेहमीचे पुनर्वसन उपचार दोघांनाही सुरू होते.

तोल मोजण्यासाठी 'बर्ग बॅलन्स स्केल' वापरलं गेलं. त्यात खुर्चीतून उठणं, आधाराशिवाय उभं राहणं, जागच्या जागी वळणं अशी १४ कामं करायला सांगतात आणि एकूण ५६ पैकी गुण देतात.

सहा आठवड्यांनी कंपन मिळालेल्या गटाचा तोल सुधारला होता. पण संगीतावर व्यायाम करणाऱ्यांचाही तितकाच सुधारला होता. १२ आठवड्यांनीही दोन गटांत फरक दिसला नाही.

आता सुरुवातीच्या रीलकडे पुन्हा पाहा. ते काका दीड महिन्यात सुधारले, हे खरंच असेल. लकव्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःही सावरत असतो, त्यात औषधं आणि व्यायाम चालू असतो. मशीन नसतं तर ते किती सुधारले असते, हे रील सांगू शकत नाही. ते तुलनेसाठी ठेवलेला दुसरा गटच सांगतो.

हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ८२ जुन्या रुग्णांवर आणखी काटेकोर चाचणी घेतली. दोन्ही गटांचे व्यायाम तेच, फक्त एका गटाच्या प्लेटला कंपन. तोल, ताकद आणि पडण्याचं प्रमाण, कशातही कंपनाचा जादा फायदा आढळला नाही. २०१६ मध्ये ८४ रुग्णांवर कमी आणि जास्त तीव्रतेचं कंपन तपासलं गेलं. तिथेही उत्तर बदललं नाही.

म्हणजे कंपन अगदीच निरुपयोगी आहे का?

नाही. ठरावीक स्नायूवर दिलेल्या कंपनाबाबत चित्र थोडं वेगळं आहे. लकव्यानंतर काहींचं पाऊल वर उचललं जात नाही आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. अशा ४४ रुग्णांवर इटलीत झालेल्या अभ्यासात व्यायामासोबत १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा होणारं कंपन देण्यात आलं. २०१० मधल्या या अभ्यासात त्यांची चाल फक्त व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली.

उजव्या मेंदूला इजा झालेले काही रुग्ण डाव्या बाजूकडे जणू पाहायचंच विसरतात. जर्मनीत २००२ मध्ये अशा २० रुग्णांना मानेच्या स्नायूंवर कंपन आणि त्याच वेळी डावीकडे शोधक नजर फिरवण्याचा सराव देण्यात आला. नुसत्या सरावापेक्षा या जोडीचा फायदा जास्त होता आणि तो दोन महिन्यांनीही टिकून होता.

दोन्हीकडे कंपन एकटं नव्हतं, सोबत व्यायाम किंवा सराव होता. स्नायू कोणता, वेग किती, हे तज्ज्ञांनी ठरवलं होतं. शिवाय हे अभ्यास छोटे आहेत. एवढ्या रुग्णांवरून सगळ्यांसाठी उपचार ठरत नाही.

घरातली मसाज गन तेच काम करते का?

नाही. बहुतेक मसाज गन मिनिटाला साधारण १,८०० ते ३,२०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ३० ते ५३. स्नायूंचे सेन्सर जागे करण्यासाठी संशोधनात सहसा ७० ते १२० हर्ट्झचं बारीक कंपन वापरतात. मसाज गनचा ठोका त्यापेक्षा संथ, पण बराच खोल असतो. दोन्ही यंत्रं थरथरतात म्हणून दोन्हींचा उपयोग एकच, असं होत नाही.

धोका कुठे आहे?

पहिला धोका पडण्याचा. ज्याचा तोल आधीच गेलेला आहे, त्याला हलत्या प्लेटवर उभं करायचं म्हणजे धरायला जाणकार माणूस हवा.

दुसरा धोका रक्ताशी संबंधित. लकव्यानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधं सुरू असतात, त्यामुळे जोरदार ठोक्यांनी आत रक्त साकळू शकतं. अधू पायाच्या शिरांमध्ये गुठळी असेल तर तिथे मसाज करणं धोक्याचं आहे. पायाची संवेदना कमी असल्यानं दुखलेलं रुग्णाला कळेलच असंही नाही.

तिसरा धोका मानेचा. मसाज गन वापरल्यानंतर मानेतल्या धमनीच्या आतल्या थराला चीर गेल्याची घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहे. अशी चीर हे स्वतःच स्ट्रोकचं एक कारण असतं. त्यामुळे जर्मनीतल्या प्रयोगाची घरी नक्कल नको.

पेसमेकर असलेल्या, नुकतंच हाड मोडलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींना अशा चाचण्यांमध्ये सहसा घेतच नाहीत.

मग तोल परत येतो कशानं?

जे काम जमवायचं आहे, तेच पुन्हा पुन्हा करून. खुर्चीतून उठणं, भार अधू पायावर घेणं, वळणं, पायरी चढणं. 'कॉक्रेन'च्या २०१६ च्या आढाव्यात ३३ चाचण्या आणि १,८५३ रुग्णांची माहिती तपासली गेली. अशा सरावानं हातापायांच्या कामात सुधारणा होते, असं त्यात दिसलं. सुधारणा माफक होती आणि पुरावाही कमी ते मध्यम दर्जाचा होता. चमत्कार इथेही नाही.

मग नातेवाइकांनीच शिकून घरी व्यायाम करून घेतला तर? भारतात हेही तपासून झालं आहे. 'अटेंड' नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांमधले १,२५० रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. सहा महिन्यांनी मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघालं. घरच्यांचा हातभार लागतोच, पण तो प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, हा २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या निकालाचा अर्थ.

मशीन घेण्याआधी काय विचाराल?

फिजिओथेरपिस्टला तीन प्रश्न विचारा. हे कंपन नेमक्या कोणत्या स्नायूसाठी आणि कशासाठी? त्यासोबत कोणता व्यायाम? आणि चार आठवड्यांनी फरक पडला की नाही, हे कशावरून ठरवायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'पेशंटला बरं वाटेल' एवढंच असेल तर थांबा. खुर्चीतून किती वेळा उठता आलं, दहा मीटर चालायला किती सेकंद लागले, असं मोजता येणारं उत्तर हवं.

खर्चाचा हिशेबही असाच मांडता येईल. मशीनच्या किमतीत फिजिओथेरपिस्टच्या किती भेटी होतील? बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा, पायात अडकणारी सतरंजी उचलणं, यांना तुलनेनं फार कमी पैसे लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. लकवा होऊन गेलेल्या माणसाचा तोल अचानक जास्त गेला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ती दुसऱ्या स्ट्रोकची सुरुवात असू शकते. अशा वेळी मालिश किंवा मशीन यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.