फोटोतल्या कॅननची खुर्ची

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो तर म्हापशाची मावशी जुना अल्बम उघडून बसलेली. आमच्या घरात तो एक फोटो आहे, नातेवाइकांना माहीत आहेच. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ. झालरीचा झगा, छातीवर क्रूस, नजर थेट कॅमेऱ्यात. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचे कॅनन. मावशी आली की फोटो निघतो आणि आम्ही सगळे 'वा' म्हणतो.

या वेळी फोटो हातात असतानाच पुतणीच्या स्थळाचा विषय निघाला. मुलगा जालन्याचा, शिक्षक, आमच्याच धर्मग्रामात वाचन करतो. मावशी म्हणाली, "मुलगा गुणी आहे रे, पण आपल्यातला नाही."

मी गप्प बसलो. तिथे बोलायला हवं होतं, बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी ब्लॉगवरच्या इतर मित्रांसाठी थोडं. कॅनन म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरू-मंडळाचा सदस्य. पोर्तुगीज या मंडळाला 'काबिदु' म्हणत. एकत्र बसून दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना गायच्या, बिशपला सल्ला द्यायचा आणि बिशपची जागा रिकामी पडली की कारभार बघायचा, ही त्यांची कामं. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ सालचा. आज उभं असलेलं से कॅथेड्रल १५६२ मध्ये बांधायला घेतलं आणि त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. पादरुआदु नावाच्या व्यवस्थेत चर्चमधल्या मोठ्या नेमणुका पोर्तुगालचा राजा करी आणि पगारही त्याच्याच तिजोरीतून येई. म्हणजे ती खुर्ची जितकी देवाची, तितकीच दरबाराची.

आता मुद्दा. आपण ज्या खुर्चीचा अभिमान मिरवतो, त्या खुर्चीच्या आसपास आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या फिरकू दिलेलं नव्हतं. कारण तेच. 'आपल्यातले' नाहीत.

दिवाडीचे मातेउश द कास्त्रू घ्या. जन्माने ब्राह्मण कुळातले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा नाकारली. हा पठ्ठ्या १६२५ मध्ये रोमला पोचला, तिथे शिकला, तिथेच दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाला. कार्यक्षेत्र कुठलं, तर विजापूरच्या आदिलशाहीचं. गोव्याच्या माणसाला बिशप व्हायला रोम गाठावं लागलं आणि परत येऊन काम करायला आदिलशहाचा मुलूख!

यावर नेहमीचं उत्तर येतं की तेव्हा स्थानिक माणसं तेवढी तयार नव्हती. बरं. १६८१ मध्ये जोसेफ वाझ श्रीलंकेला जायची परवानगी मागायला याच काबिदुकडे गेले. काबिदुने त्यांना प्रमुख म्हणून कानडा मुलखात पाठवलं, कारण तिथे पोर्तुगीजांचा रोमच्या मिशनशी अधिकारावरून वाद पेटला होता आणि तो निस्तरायला माणूस हवा होता. पुढे वाझ डचांच्या नजरा चुकवत मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले आणि १७११ मध्ये कँडीत वारले. २०१५ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. म्हणजे भांडण निस्तरायला स्थानिक माणूस लायक, संत व्हायलाही लायक. नालायक ठरायचा तो फक्त खुर्चीपाशी!

दुसरं उत्तर, काळच तसा होता. १७६१ मध्ये लिस्बनहून हुकूम निघाला की आशियात जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांइतकेच हक्क आहेत. कागद चांगला होता. पण कुतु आणि गोंसाल्विश हे दोन गोवेकर पाद्री बिशपपदाची आशा घेऊन लिस्बनला गेले आणि हात हलवत परतले. त्यानंतर १७८७ मध्ये ज्याला आपण पिंटोंचं बंड म्हणतो ते शिजलं आणि फुटलं. पुढच्या वर्षी १५ जणांना पणजीत फासावर चढवलं, आणि पकडलेल्या पाद्र्यांपैकी अनेकांची रवानगी लिस्बनच्या तुरुंगात झाली. गोव्याला पहिला गोवेकर आर्चबिशप मिळाला तो १९७८ मध्ये, राउल गोंसाल्विस. १५३४ पासून मोजा. ४४४ वर्षं.

इथवर मावशी माझ्याशी सहमत असेल. पोर्तुगीजांना शिव्या घालायला आपल्या घरात कधीच कुणाची ना नसते.

पण आता आपल्याकडे येऊ. जोसेफ वाझ ज्या ओरातोरियन संघाचे, त्या गोव्याच्या संघात कुणाला घेत? फक्त ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती तरुणांना. पोर्तुगिजांनी आपल्यासमोर बंद केलेलं दार आपण आपल्या मागच्यांसमोर बंद केलं आणि वर कडीही लावली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव बदललं, आडनाव बदललं. 'बामण' आणि 'चार्डो' मात्र धुऊन निघाले नाहीत, ते अजूनही लग्नाच्या बोलण्यात निघतात. आपले कॅनन आजोबा ज्या खुर्चीवर बसले ती मिळवायला कुणीतरी झगडलं होतं. आपण त्यातली खुर्ची लक्षात ठेवली आणि झगडा विसरलो.

आमच्या शहरात कॅथेड्रल आहे, पण त्याला असा चार शतकांचा इतिहास नाही. आमचा धर्मप्रांत १९७७ चा. इथे कॅननांच्या झालरी नाहीत. १९८३ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बिशपला ६ ते १२ धर्मगुरूंचं सल्लागार मंडळ असतं आणि जुन्या कॅननांचं कारभाराचं काम आता त्यांच्याकडे आहे. इथल्या कॅथलिकांपैकी बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. बाकावर तेच, गायनात तेच, सणाला मांडव घालायलाही तेच. आणि भारतभरच्या वरच्या खुर्च्यांचं काय? डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात स्वतःच लिहून टाकलं की चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते आणि नेतृत्वात दलितांचा वाटा अगदीच नगण्य आहे. हे कुण्या टीकाकाराचं म्हणणं नाही, बिशपांचं आहे. २७ ऑगस्ट २०२२ ला गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव कार्डिनल झाले, तेव्हा आपल्या घरी पेढे वाटले होते. त्याच दिवशी, त्याच समारंभात हैदराबादचे अँथनी पूला हेही कार्डिनल झाले. पहिले दलित कार्डिनल. त्यांच्यासाठी आपल्याकडे कुणी पेढा आणला होता? मीही नव्हता आणला.

खुर्ची आपोआप रिकामी होत नाही, कुणीतरी उठावं लागतं. मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स इंग्रज होते. १९४६ मध्ये त्यांनी कारभार व्हॅलेरियन ग्रेशस यांच्यावर सोपवला, स्वतः बाजूला झाले आणि १९५० मध्ये रीतसर राजीनामा दिला. ग्रेशस पुढे भारताचे पहिले कार्डिनल झाले. रॉबर्ट्सना कुणी हाकललं नव्हतं. इथे भारतीय माणूस हवा हे त्यांना कळलं आणि ते उठले. मला फोटो लावायचाच झाला तर मी त्यांचा लावीन.

आपल्याला तर आर्चबिशपपद सोडायचं नाहीये, मावशी. जेवणाच्या टेबलावर दोन खुर्च्या सरकवायच्या आहेत. मुलाच्या आईवडिलांना येत्या रविवारी बोलावलंय. पुतणीचा होकार आहे, माझ्या भावाचाही आहे, आता मी गप्प बसणार नाही. मटण मी आणतो, सोलकढी तू कर, तुझ्यासारखी इथे कुणाला जमत नाही.

आणि हो, फोटो असू दे भिंतीवर. फक्त त्या मंडळींनी विचारलं की हे कोण, तर अर्धी गोष्ट सांगू नकोस.