मेंढ्या कुणाच्या नावावर?



भातकापणी उरकली की देशावरच्या धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. मुरबाड-शहापूरच्या खाचरांत रात्री मेंढ्या बसतात, जमिनीला खत मिळते आणि मोबदल्यात शेतकरी भात किंवा रोख रक्कम देतो. पावसाच्या तोंडावर वाडे परत फिरतात. हा व्यवहार आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. त्यातली बाई आपण किती पाहिली?

बिऱ्हाड घोड्यावर लादणे-उतरवणे, पाल ठोकणे, पाणी, सरपण, भाकऱ्या, आजारी मेंढ्या आणि नुकती जन्मलेली कोकरे सांभाळणे, ही तिची कामे. पुरुष कळप घेऊन रानात गेला की वाडा तिच्यावरच असतो. तरी शेतकऱ्याशी बोली पुरुष करतो आणि पैसाही त्याच्याच हाती येतो.

लोकरीला भाव होता तेव्हा चित्र थोडे वेगळे होते. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातण्याचे काम बरेचसे बायकांचे, आणि घोंगडीला गिऱ्हाईकही होते. पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली, मऊ लोकर ऑस्ट्रेलियातून येऊ लागली. आज अनेकदा लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. धंदा उरला तो मांसाचा. कोकरू व्यापाऱ्याला विकायचे, तो सौदा पुरुषांतच होतो. बाईचे कष्ट तेवढेच राहिले. तिच्या हातची वस्तू तेवढी बाजारातून गेली.

2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 7 कोटी 43 लाख मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे 27 लाख. त्यांच्यामागे राबणाऱ्या बायका किती, हे त्या आकड्यांत शोधून सापडत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या गणनेत प्रथमच भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद आणि जनावरे बाई सांभाळते की पुरुष, हा प्रश्न आला. हे स्वागतार्ह आहे. पण राबणारी म्हणून नोंद होणे आणि मालकीण म्हणून नोंद होणे यांत फार अंतर आहे. अनुदान, विमा, नुकसानभरपाई हे सारे मालकाच्या नावाने निघते. नवऱ्याने टाकले किंवा तो वारला, तर जन्मभर कळप सांभाळलेली बाई कशाच्या आधारावर हक्क सांगणार?

2006 च्या वनहक्क कायद्याने वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देणे बंधनकारक केले. आपल्या भागातल्या आदिवासी बहिणींना या एका ओळीची किंमत ठाऊक आहे. त्याच कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही आहे. पण अनुसूचित जमातींत नसलेल्यांकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागितला जातो. दरसाल मुक्काम हलवणाऱ्यांनी तो आणायचा कुठून? आणि शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, शेतांना कुंपणे पडली, तसा मुक्कामही अवघड होत चालला.

मेंढीपालनाच्या सरकारी योजनेत, मग ती 2017 ची महामेष असो वा पुढची, कळप पती-पत्नीच्या संयुक्त नावे द्यावा, एकट्या बाईचा अर्ज स्वतंत्र धरावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि तोवर? यंदा गावात वाडा उतरला की गटातल्या दोघींनी पालापर्यंत जावे. रेशन मिळते का, मुलांना अंगणवाडीत घेतात का, बाळंतिणीपर्यंत नर्स पोचते का, हे विचारावे. ती आपल्या गावची मतदार नाही, म्हणून ग्रामपंचायत तिला विचारत नाही. आपण तरी विचारूया.