मानधन या शब्दाची किंमत

अंगणवाडी सेविका सहा वर्षांखालच्या मुलांची वजने घेते, पूरक आहार देते, गरोदर स्त्रियांच्या घरी जाते आणि हे सारे रोजच्या रोज मोबाइलवर नोंदवते. तिची हजेरी लागते, पर्यवेक्षिका तपासणीला येते, चूक झाली तर खुलासा मागितला जातो. तरीही महिन्याअखेरीस मिळणाऱ्या रकमेला सरकार वेतन म्हणत नाही, मानधन म्हणते. हा शब्द मुळात व्याख्यात्याच्या किंवा परीक्षकाच्या हाती द्यायच्या पाकिटासाठीचा आहे. पोटापाण्याचा धंदा दुसराच असलेल्या माणसाने एखादा दिवस दिला, तर मान म्हणून काही द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. तो रोज राबणाऱ्या बाईला लावला की हिशेब बदलतो. वेतन म्हटले की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळे मागोमाग येते. मानधन म्हटले की यातले प्रत्येक वेगळे मागावे लागते. आशा कार्यकर्ती कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ आहे, नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ आहे. अंगणवाडी सेविकेचे केंद्राने ठरवलेले मानधन 2018 मध्ये महिना 4,500 रुपये झाले. राज्य त्यात आपली भर घालते. पण किती आणि कधी, हे ठरवायला कायदा नाही. म्हणून दर काही वर्षांनी या बायकांना आझाद मैदान गाठावे लागते. 2023 च्या डिसेंबरात सुरू झालेला त्यांचा संप दीड महिन्याहून अधिक चालला.

‘मानधन’ या शब्दाआड दडलेले नाते सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये उघड केले. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी ग्रॅच्युइटी मागितली होती. मानधन म्हणजे वेतन नव्हे आणि अंगणवाडी म्हणजे आस्थापना नव्हे, हा सरकारचा बचाव होता. मूळच्या ठाण्याच्या न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या निकालाने तो फेटाळला. अन्नसुरक्षा आणि शिक्षणहक्काच्या कायद्यांनी सरकारवर टाकलेली कर्तव्येच या स्त्रिया पार पाडतात, हे त्यात नोंदवले आणि मानधनाला ग्रॅच्युइटी कायद्यातले वेतन मानले. या स्त्रियांचे काम होते तसेच होते. न्यायालयाने फक्त त्याचे नाव नीट वाचले, आणि हक्क निघाला.

खासगी क्षेत्राने आणलेली भाषा याच अंगाने तपासायला हवी. भर पावसात दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला ‘पार्टनर’ म्हणतात, पण दर, दंड आणि खाते बंद करण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे असतो. कार्यालयात ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ची शिबिरे भरतात आणि प्राणायाम शिकवला जातो. प्राणायाम चांगलाच, पण चार जणांचे काम दोघांवर टाकल्यामुळे आलेला ताण श्वासाने उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. आटोक्यात न आणलेल्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे म्हटले. आपल्याकडे मात्र चर्चा कर्मचाऱ्याच्या मनावर येऊन थांबते. ‘वर्क-लाइफ बॅलन्स’चेही तसेच. हा तोल कोणी सांभाळायचा? शब्दच सांगतो की ज्याचे आयुष्य त्याने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हा त्यांनी तोल मागितला नव्हता. रविवारची सुट्टी मागितली होती. सहा वर्षांनी, 1890 मध्ये, मालकांनी ती मान्य केली. ‘साप्ताहिक सुट्टी’ आणि ‘कामाचे तास’ हे मालकावर बंधन घालणारे शब्द आहेत. ते मोजता येतात, आणि मोडले तर तक्रार करता येते. तोल बिघडल्याची तक्रार कोणत्या कामगार आयुक्ताकडे नेणार? कर्मचाऱ्यांना ‘टॅलेंट’ म्हणण्यावर वेगळे लिहायला नको. कौतुक वाढते, पण त्या कौतुकाला कायद्यात कलम नाही.

योग्य नाव पडले की काय घडते, याची उदाहरणे आपल्याच अनुभवात आहेत. नोकरीच्या ठिकाणी बाईला त्रास झाला, तर आपल्याकडे ‘विनयभंग’ हा एकच शब्द होता. त्यात प्रश्न तिच्या विनयाचा होता आणि गुन्हा एका पुरुषाचा; मालक कुठेच नव्हता. राजस्थानातील भंवरीदेवी या कार्यकर्तीवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर झालेल्या विशाखा याचिकेवर 1997 मध्ये निकाल आला, 2013 मध्ये कायदा झाला आणि ‘कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ’ असे त्याचे नाव पडले. ‘कामाच्या ठिकाणी’ या दोन शब्दांनी जबाबदारी मालकाच्या दारात नेऊन ठेवली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयाला अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक झाले. त्याआधी, 1969 मध्ये, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. बाजारातला हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण, हे सांगता येत नाही, असे व्यापारी म्हणत. कायद्याने त्याला ‘असंरक्षित कामगार’ म्हटले आणि सर्व व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेणारे मंडळ उभे केले. मजुरी मंडळातून मिळू लागली आणि फंड, ग्रॅच्युइटीही त्याच वाटेने आली. आज ‘पार्टनर’बद्दल कंपन्या जे सांगतात, ते व्यापारी तेव्हा हमालांबद्दल सांगत होते.

यावर पहिला आक्षेप असा की नाव बदलल्याने पोट भरत नाही. तो खरा आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला. पण त्याची व्याख्याच मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशी केली. त्यामुळे कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीतून कल्याण निधीची तरतूद झाली, किमान वेतन मात्र बाहेरच राहिले. म्हणून केवळ आदराचा नवा शब्द पुरेसा नाही. मालक कोण आणि त्याने काय द्यायचे, हे ज्या शब्दातून ठरते, तो शब्द हवा. दुसरा आक्षेप मोकळिकीचा: अनेक तरुणांना ठरावीक वेळेची नोकरी नकोच असते. नसू दे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले, तेव्हा करारातल्या शब्दांवर विसंबण्याऐवजी भाडे आणि अटी कोण ठरवतो, हे पाहिले. आपल्या वेळेला कामावर येण्याची मुभा आणि किमान वेतन ही दोन्ही एकत्र राहू शकतात.

तिसरा आक्षेप तिजोरीचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. योजनांवर राबणाऱ्या लाखो स्त्रियांना वेतनश्रेणी दिली तर खर्च मोठा होईल. पण हा खर्च आजही होतोच आहे. तो त्या बायका आपल्या म्हातारपणातून भरत आहेत. ज्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही पक्ष बसतात, तिनेच 2013 मध्ये या योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली होती. पैसे टप्प्याटप्प्याने देता येतील, त्यावर वाटाघाटी होऊ शकतात. कामगार म्हणायला मात्र एक रुपयाही लागत नाही, आणि नेमके तेच टाळले जाते, कारण एकदा म्हटले की पुढचे टाळता येत नाही.

नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. राज्याचे नियम करताना शासनाला एक गोष्ट सहज करता येईल: या पत्राचा मराठी नमुना ठरवून देणे. त्यात मालकाचे नाव, वेतनाचा आकडा, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टीचा वार आणि जादा कामाचा दुप्पट दर एवढ्या गोष्टी साध्या मराठीत असाव्यात. आणि पहिली पत्रे शासनाने आपल्याच अंगणवाडी सेविकांना द्यावीत, मानधनाच्या रकान्यात ‘वेतन’ लिहून.