चोर सापडतो, गिऱ्हाईक सापडत नाही

पोलिसांच्या कामगिरीचा तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. जमिनीवर ओळीने मांडलेले इको गाडीचे सायलेन्सर, मागे तोंडावर काळे बुरखे ओढलेली दोन-तीन पोरं आणि दोन्ही बाजूंना छाती काढून उभं पथक. दरवेळी मी त्या फोटोत आणखी एक माणूस शोधतो. हा माल रोखीने विकत घेणारा. तो कधीच नसतो.

सायलेन्सर हे निमित्त. चोराला हवा असतो त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. धंद्यात या ऐवजाला नुसतं 'माती' म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. सोनं तेव्हा दोन हजारांच्याही खाली होतं. पण पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्या पोराला ऱ्होडियम घरच्या घरी काढता येत नाही. त्याला भट्टी लागते, ॲसिड लागतं, जाणकार लागतो. म्हणजे चोर शेकडो, माल गोळा करणारे त्याहून थोडे आणि धातू वेगळा करणारे मूठभर. कायद्याने उभं राहायची जागा कुठली, हे शेंबड्या पोरालाही कळावं. आम्ही मात्र शेकड्यांच्या मागे धावतो.

अमेरिकेलाही हे उशिराच सुचलं. तिथे कन्व्हर्टरचोरीचे विम्याचे दावे २०१८ मध्ये १,२९८ होते, २०२१ मध्ये ते ५२ हजारांवर गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय तपासयंत्रणांनी पाच राज्यांत धरपकड केली. न्यू जर्सीतल्या 'डीजी ऑटो पार्ट्स'च्या चालकांवर आरोप होता की त्यांनी असा माल धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याला ५४ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला. एवढी रक्कम काय अंधारात करवत चालवणाऱ्या भुरट्यांच्या खिशात फिरते? २०२३ पासून कॅलिफोर्नियात कन्व्हर्टर कुणाकडून घ्यायचा यावर बंधन आलं आणि घेणाऱ्याने गाडीची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. मिनेसोटाने तर खूण नसलेला सुटा कन्व्हर्टर जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. इंग्लंड-वेल्समध्ये भंगाराला रोख पैसे देण्यावर त्याच्या दहा वर्षं आधीच बंदी आली होती. पुढे ऱ्होडियमचे भाव कोसळले, चोऱ्याही उतरल्या, आणि पुढाऱ्यांनी श्रेय कायद्याला देऊन टाकलं. चालायचंच! कायद्याची खरी परीक्षा भाव पुन्हा चढतील तेव्हा.

आपल्याकडे कायदाच नाही, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्यासाठीच आहे. सराईत खरेदीदाराला त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२४ तर १९५१ पासूनचं. चोरीचा वाटावा असा माल जवळ सापडला आणि तो कुठून आला हे समाधानकारक सांगता आलं नाही, तर शिक्षा. जे मिनेसोटाला २०२३ मध्ये सुचलं, त्याच्या जवळपास जाणारं हत्यार आमच्या कपाटात सत्तर वर्षं गंजतंय. "साहेब, चोरीचा आहे हे मला काय माहीत?" एवढ्या एका वाक्यावर खरेदीदार सुटतो. एकाच मॉडेलच्या गाड्यांचे वीस सायलेन्सर पोत्यात घालून रात्री स्कूटरवर येतात, भाव न करता देऊन जातात, आणि याला संशय येत नाही! असा भोळेपणा देवळातही दिसत नाही.

ही सबब बंद करायला माल कुणाकडून घेतला याच्या नोंदी सक्तीच्या करा म्हटलं, की कुणीतरी गळा काढतो: गरीब भंगारवाल्याच्या पोटावर पाय येईल. हातगाडीवर रद्दी आणि बाटल्या गोळा करणारा ऱ्होडियमचे सौदे करत नाही हो. त्याला पुढे करून मागे कोण लपतंय ते सांगा. गरिबाचाच कळवळा असेल तर शाळेची मुलं नेणाऱ्या इकोवाल्याचा येऊ द्या. सकाळी गाडी रणगाड्यासारखी गरजते तेव्हा त्याला चोरी कळते. नवा सायलेन्सर परवडत नाही म्हणून तो पोकळ नळकांडं बसवतो, आणि पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंतचा दंड त्याच्याच नावावर फाटतो.

भंगाराच्या धंद्यावर कागद चालवता येत नाही, हे तर साफ खोटं. सरकारचा कर बुडायला लागला तेव्हा बरोबर सुचलं. १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर कर खरेदीदारानेच भरायचा. विकणारा कोण, कुठला, हे बघायची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिलंय. मग कन्व्हर्टरच्या खरेदीला रोख बंद करा, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि आरसी बुकाची प्रत सक्तीची करा, आणि पावतीवर गाडीचा नंबर लिहायला एक रकाना वाढवा. छपाईचा खर्च हवा तर आम्ही वर्गणी काढून देतो.