काचेमागचा रोहित आणि आपले खाजण



सुट्टी लागली की आपण मुलांना कोठे नेतो? चौपाटीवर, फार तर राणीच्या बागेत. या दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या मुलीला घेऊन मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला गेलो. १९२२ साली ते लोकांना खुले झाले. जुनी मंडळी त्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात. माझे वडील फोर्टात हमाली करीत. ती घुमटाची इमारत त्यांनी रोज पाहिली, पण आत पाऊल टाकले नाही. "ते आपल्यासाठी नसते," असे ते म्हणत. हा समज मला मोडायचा होता.

आम्ही थेट निसर्गविज्ञानाच्या विभागात गेलो. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून हा विभाग उभा राहिला. वाघ, गवा, महाधनेश, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, असे कितीतरी प्राणी-पक्षी येथे काचेमागे आहेत. कातडे टिकवून ते साच्यावर चढवितात आणि भोवती त्या प्राण्याच्या राहत्या जागेचा देखावा उभारतात. त्यामुळे प्राणी कोठे राहतो हे न वाचताही कळते. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातवाचा हात धरून हे सारे पाहता येईल. हा विभाग सांभाळणारे एस. एच. प्रेटर पुढे घटना समितीचे सभासदही झाले.

१९२६ साली येथे लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर सालिम अली होते. लहानपणी पोरके झालेले, मामाकडे वाढलेले. विद्यापीठाची पदवी नाही. दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकलेले. माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनाला हे वाचून धीर आला! जर्मनीत शिकून १९३० साली ते परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे सुगरणीची घरटी रोज पाहिली, नोंदी केल्या. त्या नोंदींनीच त्यांचे नाव झाले.

रोहितासमोर मुलीने विचारले, "बाबा, आपल्या भुईगावला कोणते पक्षी येतात?" मला धड चार नावे सांगता येईनात. सारा जन्म किनाऱ्यावर गेला आणि ही तऱ्हा!

पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी आम्ही वही घेऊन निघालो. बगळे दिसले, कुरव दिसले, चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या चिखल्या दिसल्या. यांतले कितीतरी थंडीपुरते दूरच्या मुलखातून येतात आणि खाजणातले किडे, शिंपले खाऊन राहतात. त्या खाजणात राडारोडा टाकला, भराव घातला, तर पाहुणे उतरणार कोठे? आणि हे एकट्या पक्ष्यांचे दुःख नव्हे. कोलंबी आणि मासळीची पिल्ले तेथेच वाढतात. भरतीचे आणि पावसाचे पाणी तेथेच सामावते. खाजण बुजले की पाणी प्रथम सखल वस्तीत शिरते, म्हणजे तुमच्या-आमच्या घरात.

सोपाऱ्यास १८८२ साली सापडलेला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच संग्रहालयात आहे. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली आपल्या भुईगावात मिळाला. हा नववा लेख सांगतो की, दास-नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे आणि प्राणिमात्रांविषयी संयम ठेवणे हेच खरे मंगल. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे आपल्याच किनाऱ्यावर दगडात कोरले गेले होते.

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक रविवार संग्रहालयासाठी ठेवावा. वसई रोडहून चर्चगेटची लोकल धरावी, पुढे पायी जाता येते. डबा आणि वही बरोबर असावी. दुसरी, याच संग्रहालयाने २०१५ साली 'म्युझियम ऑन व्हील्स' ही फिरत्या प्रदर्शनाची बस सुरू केली. ती आपल्या गावी यावी म्हणून शाळेने आणि विहार समितीने लेखी विचारणा करावी. अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.

मुलीच्या वहीत आजवर सहा पक्ष्यांची नावे झाली. त्यांतली चार तिने मला शिकवली.